बेडकाच्या टाकीत प्लॉटवरची माती नको

"बाहेर बेडूक चिखलातच राहतो ना? मग टाकीत खालची माती टाकली तर बिघडलं कुठे?" नवी मुंबईतल्या उलव्यात पॅकमॅन किंवा व्हाइट्स ट्री फ्रॉग पाळणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाच नीट सांगून टाकतो. बिघडतं, आणि बेडकाच्या जिवावर बेततं.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखालच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून ते शोषून घेतो. तो ज्यावर बसतो त्यातलं मीठ, खत, कीटकनाशक त्याच वाटेने आत जातं. आता उलव्याची माती पाहा. इथली बरीच वस्ती खाजणावर भराव घालून उभी राहिली. शेजारी विमानतळासाठी उलवे टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. रिकाम्या प्लॉटवर मुरूम, राबिट आणि बांधकामातून सांडलेलं सिमेंट एकत्र पडलेलं असतं. ओल्या सिमेंटने गवंड्याच्या राठ हातांचीही सालं निघतात, तिथे बेडकाच्या कातडीची काय कथा?

"पण पावसाळ्यात त्याच प्लॉटवर बेडूक ओरडतात की!" ओरडतात. न मानवणारी जागा सोडून त्यांना चार उड्यांत दुसरीकडे जाता येतं. दोन फुटांच्या काचेतला बेडूक कुठे जाणार?

मग घालायचं काय? नर्सरीत मिळणारी कोकोपीटची वीट, पण खत न मिसळलेली. नारळाच्या काथ्यात मुळातच क्षार असतात, म्हणून वीट भिजवायची, पिळायची, पुन्हा धुवायची. घरात आरओसाठी घेतलेला टीडीएस मीटर असेल तर पिळून निघालेल्या पाण्यात बुडवा; आकडा नळाच्या पाण्याच्या जवळपास येईपर्यंत धुत राहा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, धार लागू नये, इतकाच ओलावा ठेवा. पॅकमॅन स्वतःला पुरून घेतो, त्याला तीन-चार इंचांचा थर हवा.

बाकीचे समज थोडक्यात. माशांच्या टाकीतली खडी गिळली तरी विष्ठेतून पडते म्हणतात. पडेलच असं नाही, आतड्यात अडकून बेडूक मरतो, म्हणून दगड त्याच्या डोक्यापेक्षा मोठा हवा. फर्निचरच्या कामातला भुसा फुकट मिळतो, पण त्यात प्लायवूडचा गोंद असतो. साधा ओला टिश्यू पेपर कुणाला कंजूषपणा वाटतो. नव्या किंवा आजारी बेडकासाठी त्याहून चांगलं काही नाही, कारण विष्ठा लगेच दिसते. आणि कोकोपीट वर्षभर चालतं हे विसरा. विष्ठा रोज उचला, उग्र वास येण्याआधीच थर बदला, कारण साचलेला अमोनियाही कातडीतूनच आत शिरतो.

काढलेला थर मात्र बागेत किंवा खाडीकाठी टाकू नका. पाळीव बेडकांसोबत कायट्रिड बुरशी येऊ शकते. 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासाने जगभरातल्या किमान 501 उभयचर जातींची घट या बुरशीमुळे होणाऱ्या रोगाशी जोडली, आणि ही बुरशी आपल्या सह्याद्रीतही सापडली आहे. जुन्या थरावर उकळतं पाणी ओता, पिशवी घट्ट बांधा आणि मगच कचरागाडीत द्या.