दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर खांदा का दुखतो?

पित्ताशयाचं ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, छिद्रं तीन-चारच, तरी रुग्ण खांदा धरून बसतो. पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडने श्वासपटल ताणलं जातं. त्याची नस मानेतून निघते, म्हणून कळ खांद्यात उमटते.

ही वेदना शमवायला भूलतज्ज्ञ अफूवर्गातली औषधं वापरतात. फेंटानिल मॉर्फिनपेक्षा सुमारे १०० पट तीव्र. त्याचा परिणाम मिनिटा-दोन मिनिटांत दिसतो, पण एका डोसचा असर तासाभरात ओसरतो. मॉर्फिन सावकाश चढतं, काही तास टिकतं. रेमिफेंटानिल थांबवलं की काही मिनिटांतच उतरतं, त्यामुळे पुढच्या दुखण्याची सोय आधीच करावी लागते. मळमळ आणि श्वास मंदावणं हे धोके तिन्हींत आहेत.

जुन्नर, नारायणगाव, मंचरसारख्या गावांतल्या छोट्या रुग्णालयांसाठी आणखी एक मुद्दा महत्त्वाचा. मॉर्फिन, फेंटानिल १९८५च्या अमली पदार्थ कायद्याखाली येतात. २०१४च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले, तरी साठ्यासाठी मान्यता आणि काटेकोर नोंदी लागतातच. नालबुफिन या अफूवर्गातल्याच औषधाला ही अट नाही. ठरावीक डोसनंतर त्याने श्वास आणखी मंदावत नाही, पण वेदनाशमनही तिथेच थांबतं. मध्यम दुखण्याला मला ते योग्य वाटतं. मात्र फेंटानिलवर ते दिलं, तर फेंटानिलचा परिणाम उलटू शकतो.

या औषधांनी श्वास मंदावू शकतो, म्हणून झोपेत घोरत असाल, दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेत असाल, तर भूलतज्ज्ञांना ऑपरेशनआधीच स्पष्ट सांगा.