नाव टिकले, गळा गेला : किर्लोस्कर मंडळीच्या उतरणीची कहाणी

प्रमुख कलावंत निघून गेल्यावर एखादी संगीतसंस्था केवळ नावाच्या बळावर टिकू शकते का? ‘फ्लीटवुड मॅक’ या ख्यातनाम सॉफ्ट रॉक बँडपुढे १९९०च्या दशकात हा प्रश्न उभा राहिला. लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स यांच्याविना १९९५ मध्ये निघालेला ‘टाइम’ हा अल्बम निष्प्रभ ठरला. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड २००’ यादीत त्याला स्थानही मिळाले नाही. मराठी संगीत रंगभूमीने असाच अनुभव सुमारे ऐंशी वर्षे आधी घेतला होता.

वैभव आणि फूट

अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० मध्ये पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. १८८५ मध्ये त्यांचे निधन झाले. तरीही भाऊराव कोल्हटकर आणि पुढे बालगंधर्व यांच्या गायनामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीची लोकप्रियता कायम राहिली. १९११ मध्ये ‘मानापमान’ विलक्षण गाजले. मात्र त्याच वर्षी मंडळीचे आधारस्तंभ नानासाहेब जोगळेकर निवर्तले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली.

या फुटीत मंडळीची नायिका, कसलेला नट आणि ‘मानापमान’च्या पदांना चाली देणारे संगीतकार असे तिघेही गेले. शिवाय ‘सौभद्र’, ‘मानापमान’ ही नाटके नवी मंडळीही करू लागल्याने रसिकांपुढे तुलना अटळ झाली. पदे तीच होती. ज्या गळ्यासाठी प्रेक्षक येत, तो मात्र दुसरीकडे गेला होता.

सावरण्याचा प्रयत्न

कोवळ्या वयाच्या दीनानाथ मंगेशकर यांच्या तेजस्वी गायनाने मंडळीला काही काळ आधार दिला. राम गणेश गडकरी यांचे ‘पुण्यप्रभाव’ही तिने रंगभूमीवर आणले. परंतु १९१८ मध्ये दीनानाथही बाहेर पडले आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. किर्लोस्कर मंडळीला पूर्वीचे वैभव पुन्हा लाभले नाही.

अशी उतरण अपरिहार्यच असते, असे नाही. ललितकलादर्शचे संस्थापक केशवराव भोसले १९२१ मध्ये निवर्तले. त्यानंतर बापूराव पेंढारकर यांनी धुरा घेतली आणि १९२२ मध्ये मामा वरेरकर यांचे ‘सत्तेचे गुलाम’ सादर केले. गेलेल्या गायकाची उणीव जुन्याच पदांनी भरून काढण्याऐवजी या संस्थेने नवा विषय पुढे आणला.

‘फ्लीटवुड मॅक’ने १९९७ मध्ये जुन्या सहकाऱ्यांना परत आणून यश मिळवले. किर्लोस्कर मंडळीला ती संधी मिळाली नाही.