पेंटियम ४ आणि अ‍ॅथलॉन : वेग मोजायचा कोणी?

२००१-०२ च्या सुमारास डीटीपीसाठी संगणक घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जाई : ‘किती गिगाहर्ट्झचा?’ मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही कळणारा एवढाच एक आकडा होता. टेबलावर दोन पर्याय असत. इंटेलचा पेंटियम ४ आणि एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी. त्यांतला कोणता जास्त वेगवान, हा वाद तेव्हा जगभर चालला होता. मी संगणकशास्त्र शाळा-कॉलेजात शिकलेलो नाही; पण त्या काळातल्या जाहिराती, चाचण्यांचे अहवाल आणि तांत्रिक पुस्तिका जमवून वाचण्याचा नाद मला तेव्हापासून लागला, तो अजून सुटलेला नाही. त्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. हा वाद दोन प्रोसेसरांचा होता त्याहून जास्त मोजपट्टीचा होता, आणि मोजपट्टी बहुतेक वेळा विकणाऱ्याच्याच हातात होती.

आधी गिगाहर्ट्झ म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसरच्या आत एक ताल अखंड चालू असतो. १ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोके. पण ठोका म्हणजे काम नव्हे. एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे तीन गोष्टींवर ठरते : त्या कामात एकूण आज्ञा किती, एका ठोक्यात सरासरी किती आज्ञा पुऱ्या होतात, आणि सेकंदाला ठोके किती. समजा, एका कामात ७२० कोटी आज्ञा आहेत. पहिला प्रोसेसर २ गिगाहर्ट्झचा, पण ठोक्याला सरासरी ०.८ आज्ञा उरकणारा. त्याला साडेचार सेकंद लागतील. दुसरा दीड गिगाहर्ट्झचाच, पण ठोक्याला १.२ आज्ञा उरकणारा. तो चार सेकंदांत मोकळा होईल. हे आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षात घडले ते याच जातीचे होते. दरपत्रकावर मात्र तिघांपैकी एकच गोष्ट छापलेली असे.

६ मार्च २००० रोजी एएमडीने १ गिगाहर्ट्झचा अ‍ॅथलॉन जाहीर केला. दोनच दिवसांनी इंटेलने त्याच वेगाचा पेंटियम ३ आणला. लोकांना आकडाच कळतो, हे दोघांनीही ओळखले होते. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला पेंटियम ४ बाजारात आला, तो एकदम १.४ आणि १.५ गिगाहर्ट्झवर. ही झेप कशी साधली, ते समजायला स्वयंपाकघरात जावे लागेल.

दिवाळीच्या करंज्या करायला पाच बायका ओळीने बसल्या आहेत. एक लाटी करते, दुसरी पारी लाटते, तिसरी सारण भरते, चौथी कडा कातते, पाचवी तळते. दर ठोक्याला प्रत्येकीच्या हातातली करंजी पुढे सरकते. ठोका किती जलद पडू शकेल? सर्वांत वेळखाऊ पायरीला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या अंतराने. ठोके वाढवायचे असतील, तर कामाचे आणखी बारीक तुकडे पाडून ओळीत वीस जणी बसवायच्या. प्रत्येकीचे काम चिमुकले, त्यामुळे ताल जलद. प्रोसेसरमधल्या या रचनेला पाइपलाइन म्हणतात. पेंटियम ३ मध्ये तिच्या साधारण दहा पायऱ्या होत्या, अ‍ॅथलॉनमध्येही नेहमीच्या आकडेमोडीसाठी दहाच. पेंटियम ४ मध्ये त्या वीस केल्या.

आता अडचण अशी, की पुढची करंजी गोड हवी की मटारची, हे शेवटची बाई आधीची चाखून ठरवते. तोवर बाकीच्यांनी हात बांधून बसायचे नाही. अंदाजाने कोणते तरी सारण भरत राहायचे. अंदाज बरोबर आला तर उत्तम. चुकला, तर ओळीतल्या सगळ्या अर्धवट करंज्या बाजूला टाकून पहिल्या लाटीपासून सुरुवात. दहा जणींच्या ओळीत दहा वाया जातील, वीस जणींच्या ओळीत वीस. संगणकाच्या रोजच्या प्रोग्रॅममध्ये ‘असे असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ अशी आज्ञा साधारण दर पाच-सात आज्ञांमागे एक येते. इंटेलने अंदाज बांधणारी यंत्रणा बरीच सुधारली होती, तरी चुकलेल्या अंदाजाची किंमत दुप्पट झाली ती झालीच. शिवाय प्रोसेसरच्या अगदी जवळची, आकडेमोडीची माहिती हाताशी ठेवणारी मेमरी पहिल्या पेंटियम ४ मध्ये ८ किलोबाइट होती, तर अ‍ॅथलॉनमध्ये ६४. म्हणूनच काही कामांत दीड गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ हा १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्याही मागे पडला.

अर्थात पेंटियम ४ टाकाऊ होता असे कोणी म्हणू नये. ज्या कामात फाटे कमी आणि एकसारखा माहितीचा ओघ मोठा, उदाहरणार्थ चलच्चित्रांचे संकुचन, तिथे तो जोरात धावे. त्यासाठी त्याला मेमरीही तशीच लागे. त्याच्यासोबत आधी महागडी आरडीरॅम येत असे, सेकंदाला ३.२ गिगाबाइट माहिती पुरवणारी. सप्टेंबर २००१ पासून स्वस्तातली एसडीरॅम जोडायची सोय झाली. ती पुरवी जेमतेम १ गिगाबाइट. प्रोसेसर तोच, डब्यावरचा गिगाहर्ट्झचा आकडा तोच, आणि माहितीचा नळ एक-तृतीयांश. आपल्याकडे किंमत पाहून संगणक घेणाऱ्यांच्या पदरात हीच जोडी पडण्याचा संभव जास्त होता.

ऑक्टोबर २००१ मध्ये एएमडीने अ‍ॅथलॉन एक्सपी आणला आणि गिगाहर्ट्झ लिहायचेच सोडून दिले. १.५३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे नाव ‘१८००+’. कंपनीचे अधिकृत म्हणणे असे, की ही तुलना स्वतःच्याच जुन्या अ‍ॅथलॉनशी आहे. पण गिऱ्हाईक त्याचा अर्थ ‘१.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ इतका’ असाच घेणार, हे न कळण्याइतके कोणी भोळे नव्हते. आकड्यावर विश्वास बसावा म्हणून चाचण्यांचे लेखापरीक्षण आर्थर अँडरसन या नामांकित संस्थेकडून करवून घेतले. थोड्याच आठवड्यांत एन्रॉन कोसळली. तीच एन्रॉन, जिच्या दाभोळ प्रकल्पाने महाराष्ट्राला एवढे छळले. तिचे हिशेब तपासणारी संस्था आर्थर अँडरसनच होती!

मग आकडा तरी कोठून आणायचा? त्यासाठी प्रमाणित चाचण्या होत्या. कचेरीतल्या नेहमीच्या कामांचा संच चालवून गुण देणारी ‘सिसमार्क’ त्यांतली प्रमुख. ती बनवणाऱ्या संघात इंटेल होती. २००१ च्या आवृत्तीतला ध्वनिचित्र-रूपांतराचा प्रोग्रॅम अ‍ॅथलॉन एक्सपीमधल्या एसएसई नावाच्या जलद आज्ञा ओळखतच नव्हता, त्यामुळे त्या असून वापरल्या जात नव्हत्या. २००२ च्या आवृत्तीबाबत एएमडीची तक्रार होती, की ज्या कामांत अ‍ॅथलॉन पुढे होता नेमकी तीच कमी केली आहेत. पुढे एएमडी त्याच संघात सामील झाली, आणि २०११ मध्ये पक्षपाताचाच आरोप करून बाहेर पडली.

कामांची निवड निर्मळ असली तरी सरासरी काढताना घोटाळा होतो, आणि हा भाग मला सर्वांत मनोरंजक वाटतो. अ आणि ब हे दोन प्रोसेसर घ्या. पहिले काम अ १० सेकंदांत करतो, ब २० सेकंदांत. दुसरे काम अ ४० सेकंदांत, ब २० सेकंदांत. आता अ ला प्रमाण मानले, तर ब ला पहिल्या कामात दुप्पट आणि दुसऱ्यात निम्मा वेळ लागतो. २ आणि ०.५ यांची सरासरी १.२५, म्हणजे ब पंचवीस टक्के मंद. ब ला प्रमाण मानून पुन्हा मांडा. ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे अ पंचवीस टक्के मंद! हिशेबात एकही चूक नाही आणि दोन्ही जाहिराती खऱ्या. फ्लेमिंग आणि वॉलेस या दोघांनी १९८६ मध्ये हा दोष मांडून भूमितीय सरासरी वापरायला सांगितले. त्या रीतीने अ आणि ब समान ठरतात. पण दोन्ही कामे एकेकदा करणाऱ्या माणसाचे घड्याळ पाहिले, तर अ ला ५० सेकंद लागले, ब ला ४०. ज्याला फक्त पहिलेच काम दिवसभर करायचे आहे, त्याने डोळे मिटून अ घ्यावा. म्हणून मला कोणी विचारले, की मी उलट विचारतो : तुमचा दिवसाचा जास्तीत जास्त वेळ कशाची वाट बघण्यात जातो? ती फाइल घेऊन दुकानात जा आणि दोन्ही यंत्रांवर घड्याळ लावून उघडा.

ठोक्यांची शर्यत अखेर उष्णतेने थांबवली. फेब्रुवारी २००४ च्या ‘प्रेस्कॉट’ या पेंटियम ४ मध्ये पाइपलाइन ३१ पायऱ्यांची झाली. त्याच वर्षी इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावांतून गिगाहर्ट्झ काढून ५४० सारखे क्रमांक दिले, आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. तो शेवटपर्यंत ३.८ वर थांबला. जुलै २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला. त्याची पाइपलाइन १४ पायऱ्यांची. तो घडवणाऱ्या इस्रायलमधल्या हैफाच्या गटाने पेंटियम ३ च्या घराण्यातला धागा पुन्हा हाती घेतला होता. त्याचा २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.८ वाल्या पेंटियम ४ ला सहज मागे टाकत होता, तोही बरीच कमी वीज खाऊन.

पेंटियम ४ चे गुण फुगवून दाखवले, असा दावा अमेरिकेतल्या ग्राहकांनी इंटेलवर लावला होता. २०१४ मध्ये त्यात तडजोड झाली. इंटेलने दोष मान्य केला नाही, पण सुरुवातीच्या काळात पेंटियम ४ चा संगणक घेणाऱ्यांना प्रत्येकी १५ डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे नऊशे रुपये, देऊ केले. पण खरेदीदार अमेरिकेतला असणे आवश्यक होते. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेले त्यात बसत नव्हते.