दोन फुटांच्या फळीवरची रेल्वे

आपल्या एक्सप्रेस गाड्यांना लागणारा एलएचबी डबा साधारण २४ मीटर लांबीचा असतो. मॉडेल रेल्वेच्या जगात सर्वाधिक चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे मूळ वस्तूचा ८७वा हिस्सा. या हिशेबाने तो डबा साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो आणि वीस डब्यांची गाडी साडेपाच मीटरची. त्यात फलाट, सांधे आणि डोळ्यांना खटकणार नाही असं ऐसपैस वळण धरलं, तर घरातली मोठी खोली रिकामी करावी लागते. शहरातल्या घरात ते जमत नाही. मग विसाचे चार डबे होतात, फलाट आखूड होतो, वळण आवळलं जातं. खरी एक्सप्रेस पाहिलेल्या माणसाला अशी मांडणी कधीच पुरती पटत नाही.

नॅरोगेज आणि कारखान्यांच्या अंतर्गत रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांची या कात्रीतून बरीचशी सुटका होते, कारण त्यांची मूळ रेल्वेच लहान होती. दगडाच्या खाणीतून दळणयंत्रापर्यंत, वाळूच्या खड्ड्यातून चाळणीपर्यंत, उसाच्या फडातून गव्हाणीपर्यंत एवढाच तिचा पल्ला. चार-सहा वाघिणी, एक ठेंगणं इंजिन, दोन सांधे आणि गंजक्या पत्र्याची शेड. लोखंडी उलटपेटीची, म्हणजे माल ओतायला पेटी कलंडणारी, वाघीण जेमतेम दोन मीटरची, म्हणजे ब्रिटिशांच्या ७६व्या हिश्श्यात अडीच-तीन सेंटिमीटरची. अशा आठ वाघिणींची गाडी एका वितीच्या आसपास मावते. फळी लहान म्हणून इथे काही कापावं लागत नाही. आख्खी रेल्वे, पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, टेबलावर उभी राहू शकते. या छंदाची खरी ताकद त्यात आहे.

यातल्या उचलून नेता येणाऱ्या रेल्वेचा जन्मही गरजेतूनच झाला. फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या पती-बूर्ग इथे पॉल देकोव्हिल यांच्यापुढे १८७०च्या दशकात प्रश्न होता, चिखल झालेल्या शेतातून बीट बाहेर कसं काढायचं. त्यांनी लोखंडी स्लीपरला आधीच जोडलेले रुळांचे हलके तुकडे केले. माणसांनी उचलायचे, हवे तिथे मांडायचे, काम झालं की पुढे न्यायचे. पुढे पहिल्या महायुद्धात दोन्ही बाजूंनी ६० सेंटिमीटर गेजचे असेच रूळ खंदकांच्या मागे टाकले आणि त्यावरून तोफगोळे, रसद, जखमी वाहिले. बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची ‘सिम्प्लेक्स’ पेट्रोल इंजिनं तिथलीच. लढाई संपल्यावर हे सगळं सामान भंगाराच्या भावात निघालं आणि वाळूच्या खाणींत, शेतांत, वीटभट्ट्यांत कामाला लागलं. इंग्लंडमधली लेटन बझर्डची वाळू वाहणारी रेल्वे १९१९ मध्ये याच युद्धशेष मालावर सुरू झाली. अशा गाड्यांवर रंगाचा नवा हात क्वचितच फिरला, रूळ वाकडे राहिले, मोडलं ते हाताला लागेल त्या वस्तूने सांधलं गेलं. मॉडेल करणाऱ्याला याहून चांगला विषय कोणता हवा?

वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या खाणींनी तर या छंदाला अर्धा विषय पुरवला आहे. १८३६ मध्ये सुरू झालेल्या फेस्टिनिऑग रेल्वेवर भरलेल्या वाघिणी उताराच्या बळावर आपोआप बंदराकडे जात आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून नेत. वाफेचं इंजिन तिथे १८६३ मध्ये आलं. वेल्समधलीच टॅलिलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली. हौशी लोकांनी वाचवलेली ती जगातली पहिली रेल्वे. ‘थॉमस’च्या गोष्टी लिहिणारे रेव्हरंड ऑड्री तिथे स्वयंसेवक होते आणि त्यांच्या पुस्तकांतली स्कारलोई रेल्वे टॅलिलिनवरूनच आली आहे.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय या छंदाची युक्ती कळत नाही. प्रमाण म्हणजे वस्तू कितीपट लहान केली ते आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीच्या आर्नोल्ड कंपनीने ९ मिलिमीटर गेजची ‘एन’ मालिका बाजारात आणली. ती होती स्टँडर्ड गेजच्या अतिलहान गाड्यांसाठी. पण नॅरोगेजवाल्यांनी तिच्यात वेगळंच पाहिलं. इंजिनाची मोटर आणि चाकं एनची घ्यायची, वरचं कवच मात्र दुप्पट मोठ्या प्रमाणातलं चढवायचं, की चिंचोळ्या रुळांवरचं रुंद, बुटकं इंजिन तयार. ब्रिटिश मंडळी ७६व्या हिश्श्यात काम करतात आणि त्याला ओओ-९ म्हणतात. ९ मिलिमीटरला ७६.२ने गुणलं की ६८५.८ मिलिमीटर येतात, बरोबर २ फूट ३ इंच, टॅलिलिनचं नेमकं गेज! दोन फुटी रेल्वे करणारेही तेच रूळ वापरतात आणि तीन इंचांच्या फरकाकडे काणाडोळा करतात. युरोपात हेच रूळ ८७व्या हिश्श्यासाठी वापरतात, ते एचओई. नजर अधू झालेल्यांसाठी आणि जाड बोटांसाठी मोठी प्रमाणंही आहेत. अमेरिकेत ४८व्या हिश्श्याच्या गाड्या १६.५ मिलिमीटरच्या नेहमीच्या एचओ रुळांवर धावतात, तर बागेत धावणारी एलजीबी ४५ मिलिमीटर गेजवर चालते. ती जर्मनीच्या लेमान कंपनीने १९६८ मध्ये आणली.

एनची तयार यंत्रं मिळण्याआधी या वाटेवर चाललेल्यांत एडिनबर्गचे पी. डी. हॅनकॉक यांचं नाव पहिलं घ्यावं लागेल. स्कॉटलंडमधल्या एका काल्पनिक परगण्याला त्यांनी ‘क्रेग अँड मर्टनफर्ड’ नावाची रेल्वे दिली आणि तिच्यावर मासिकांतून लिहीत राहिले. १९७५ मध्ये त्यांचं ‘नॅरो गेज ॲडव्हेंचर’ हे पुस्तक आलं. म्युनिकच्या एगर-बान कंपनीने १९६०च्या दशकात शेत-रेल्वेची तयार मॉडेलं काढली तेव्हा दुकानातून खोका आणून रेल्वे मांडणंही शक्य झालं.

जागा किती लागते याचं उत्तर अमेरिकेच्या कार्ल आरेंट यांनी दिलं. चार चौरस फुटांच्या आतली मांडणी ती ‘मायक्रो’, असा त्यांनी दंडक घातला आणि २०११ मध्ये निधन होईपर्यंत जगभरच्या अशा मांडण्या गोळा करून लोकांपुढे ठेवल्या. कुणी दप्तरी फाइलच्या खोक्यात खाण बसवली, कुणी सुटकेसमध्ये. नुसती गोल फिरणारी गाडी पाहून माणूस लवकर कंटाळतो, म्हणून या लहान फळ्यांवर शंटिंगला, म्हणजे वाघिणी हलवून हव्या त्या क्रमाने लावण्याला, मान आहे. ब्रिटनच्या ॲलन राइट यांची ‘इंगलनुक’ ही रचना त्यासाठी प्रसिद्ध आहे. तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोघींत तीन-तीन. इंजिनाच्या बाजूचा रूळ इंजिन आणि तीन वाघिणींपुरताच. एकूण आठ वाघिणींतून चिठ्ठ्या काढून पाच निवडायच्या आणि निघालेल्या क्रमानेच त्यांची गाडी लावायची. असे क्रम ६७२० होतात. ओओ-९मध्ये खाणीच्या वाघिणी वापरल्या तर हा सगळा खेळ दोन फुटांच्या फळीवर बसतो.

बांधकामाचं सामान निम्मं घरात असतं. पाया प्लायवूडचा किंवा एमडीएफचा, त्यावर डोंगरासाठी फोम. रूळ मात्र नॅरोगेजचेच घ्यावेत. एनचे रूळ स्वस्त पडतात, पण त्यांचे स्लीपर बारीक आणि दाटीवाटीचे असतात आणि पाहणाऱ्याला फसवणूक लगेच कळते. ब्रिटनच्या पेको कंपनीच्या ओओ-९ रुळांत स्लीपर मुद्दाम वेडेवाकडे ठेवलेला एक प्रकार मिळतो. खाणीसाठी तो उत्तम. त्यांच्या तयार वळणाची त्रिज्या २३ सेंटिमीटर आहे आणि चार चाकी इंजिन असेल तर त्याहूनही आवळलेलं वळण घेता येतं.

कारखान्याच्या रेल्वेला मुख्य मार्गासारखी नीटस खडी नसते. स्लीपर राखेत, मातीत बुडालेले असतात. त्यासाठी बारीक चाळलेली माती, पाणी घातलेला फेव्हिकॉल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब यांचा लगदा करून तो थेट रुळाच्या कडेपर्यंत लेपतात. साबणामुळे पाणी धुळीवरून ओघळत नाही, आत मुरतं. लेप ओला असतानाच एक वाघीण हाताने पुढे-मागे ढकलायची, म्हणजे चाकाच्या कडेला लागणारी चीर आपोआप कोरली जाते. सांध्याच्या हलत्या जिभेपाशी मात्र एक थेंबही जाता कामा नये. तिथे गोंद वाळला की सांधा कायमचा गेला.

नवशिक्याचा उत्साह मावळतो तो इंजिन अडखळू लागल्यावर. चार चाकांचं, तीन-चार सेंटिमीटरचं इंजिन रुळांतून वीज घेतं ती मोजक्या बिंदूंतून. सांध्याच्या मधोमध, जिथे रूळ एकमेकांना छेदतात, तिथे प्लास्टिकचा तुकडा असेल तर तेवढ्यात वीज तुटते आणि इंजिन थबकतं. लांब इंजिनाची बाकीची चाकं ते अंतर भरून काढतात, ठेंगण्याला ते जमत नाही. म्हणून हा छेदबिंदू धातूचा आणि वीज खेळणारा असलेला सांधाच घ्यावा, रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसत राहावेत आणि इंजिनाच्या पोटात जमेल तेवढं शिसं भरावं. पहिल्या दिवशी खर्च वाचवायचा तो झाडांवर, सांध्यांवर नाही.

रंगकामाला सगळ्यात जास्त वेळ द्यावा. उलटपेटीच्या वाघिणीवर बाहेरून जुना गंज असतो, काळपट तपकिरी. आतून मात्र रोजच्या दगडाने घासून पत्रा उजळलेला असतो. हा फरक दाखवला की वाघीण कामाची वाटू लागते. माल खरा असेल तर आणखी छान. वेल्सच्या मांडणीवर पाटीच्या दगडाचेच कपचे आणि कोळशाच्या वाघिणीत कुटलेला कोळसाच घालतात.

या छंदाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी गेजवर बांधली आणि १८९७ मध्ये तिचा पहिला टप्पा सुरू केला. कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्यांचा नियम. त्यामुळे रूळ हलके ठेवूनही मोठ्या वाघिणी चालवता आल्या. बार्शीचा हा अनुभव घेऊन त्यांनी स्टॅफर्डशायरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड रेल्वे केली. १९०४ मध्ये सुरू झालेल्या त्या रेल्वेच्या इंजिनांना मोठाले दिवे होते आणि डबे फिकट पिवळे. ती १९३४ मध्ये बंद पडली, तिच्या मार्गावर आज पायवाट आहे, तरी इंग्लंडमधले मॉडेलवाले अजून तिची इंजिनं घडवतात. तिची थोरली बहीण बार्शी मात्र मॉडेलमध्ये फारशी दिसत नाही.

पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे, एचओ प्रमाणातलं, आणि मुलांना घेऊन एकदा पाहावं असं. पण बार्शी लाइट, मुर्तिजापूरची शकुंतला, १९०७ची नेरळ–माथेरान आणि काही साखर कारखान्यांच्या ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या यांच्या मॉडेलांना अजून पुष्कळ वाव आहे. मॉडेलला लागतात मापं आणि फोटो, तेही बाजूने, समोरून, छपरावरून. बार्शीची लाइन ब्रॉडगेज झाली आहे आणि या रेल्वेवर काम केलेली माणसं वयस्क झाली आहेत. ज्यांच्या घरी जुने फोटो आहेत, ज्यांच्या गावाजवळ एखादी वाघीण किंवा जुनं स्थानक उभं आहे, त्यांनी परवानगी घेऊन, टेप लावून मापं लिहून ठेवावीत आणि मॉडेल करणाऱ्यांना ती मोकळ्या हाताने द्यावीत.