माउस न हलवता उघडा प्रोग्राम अन् फाइल. कसा वापरायचा कीबोर्ड ‘लाँचर’?

ऑनलाइन अर्ज भरायची शेवटची दहा मिनिटे उरलेली असतात आणि स्कॅन केलेला दाखला नेमक्या कोणत्या फोल्डरमध्ये आहे, तेच आठवत नाही. अशा वेळी उपयोगी पडतो ‘लाँचर’. नावातील दोन-तीन अक्षरे टाइप केली, की तो प्रोग्राम किंवा फाइल समोर आणतो.

विंडोजवर काय कराल?

• विंडोज की दाबा, लगेच नाव टाइप करा आणि एंटर दाबा. वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही.
• विंडोज की आणि १ एकत्र दाबल्यास टास्कबारवर पिन केलेला पहिला प्रोग्राम उघडतो, २ दाबल्यास दुसरा.
• आणखी सुविधा हव्या असतील, तर मायक्रोसॉफ्टचे मोफत ‘पॉवरटॉइज’ घ्या. मात्र ते अनोळखी साइटवरून डाउनलोड करू नका.

मॅकवर

कमांड आणि स्पेस एकत्र दाबल्यावर ‘स्पॉटलाइट’ उघडते. ही सोय २००५ पासून आहे.

फाइल सापडत नाही?

• विंडोज सुरुवातीला डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप अशा ठरावीक जागाच शोधते. फाइल डी ड्राइव्हमध्ये असेल, तर सर्चच्या सेटिंग्जमध्ये ‘एन्हान्स्ड’ निवडा.
• कीबोर्ड मराठीवर राहिला असेल, तर इंग्रजी नाव जुळत नाही. विंडोज की आणि स्पेस दाबून भाषा बदला.
• ‘स्कॅन००१’ऐवजी ‘उत्पन्न दाखला २०२५’ असे नाव द्या. नावच आठवले नाही, तर लाँचरही शोधणार काय?