समुद्र पाहणे आणि समुद्राकाठी चालणे

रत्नागिरीकराला निसर्गाचे माहात्म्य सांगावयास नको. मांडवी, भाट्ये, रत्नदुर्ग ही सारी त्याच्या दाराशी आहेत. परंतु पाहुणे आल्याखेरीज त्याची पावले तिकडे वळतात किती वेळा? शिक्षक उत्तरपत्रिकांत, कारकून फायलींत आणि विद्यार्थी क्लास व मोबाइल यांत गुंतलेला असतो. समुद्र खिडकीतून दिसतो, तेवढ्यावर समाधान मानले जाते.

नुसते दिसणे पुरेसे नसते, याची साक्ष याच गावात आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे नजरकैदेत होता. १९१० मध्ये बांधून झालेल्या त्याच्या राजवाड्यासमोर खाडी आणि सागर पसरलेले होते; पण मनास येईल तिकडे जाण्याची मुभा त्याला नव्हती. आपल्याला ती आहे, आणि आपण ती वापरीत नाही.

याउलट याच रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातील पहिले वर्ष अभ्यास बाजूस सारून शरीर कमावण्यात घालविले. व्यायाम, पोहणे आणि नाव वल्हवणे हाच त्या वर्षीचा त्यांचा अभ्यासक्रम होता. पुढील कष्टाच्या आयुष्याची ती पूर्वतयारी ठरली. परीक्षेच्या धास्तीने मुलाचे खेळणे बंद करणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे.

आधुनिक वैद्यकही हेच सांगते. नियमित व्यायामाने झोप सुधारते, चिंता कमी होते आणि सौम्य वा मध्यम नैराश्यात उतार पडतो. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ ताळ्यावर राहते. झाडे व पाणी यांच्या सहवासात थकलेले अवधान विसावते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचविला. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चालले तरी किमान मर्यादा गाठता येते. त्यास ना वर्गणी लागते, ना साधने.

मात्र येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. फिरणे हा औषधोपचारास पर्याय नव्हे. ज्याला अंथरुणातून उठणेच अशक्य झाले आहे, त्याला 'जरा समुद्रावर जाऊन ये' असे सांगणे ही निष्ठुरता होय. रत्नागिरीत शासनाचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्याचा उल्लेख थट्टेने करण्याची सवय सुशिक्षितांनी तरी सोडावी. १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही शासकीय साहाय्यसेवाही २०२२ पासून सुरू आहे. ताप आल्यावर डॉक्टरांकडे जाण्यात आपण कमीपणा मानीत नाही. मग मनाच्या दुखण्याचीच लाज का?

उपचार हवेत तेथे उपचार घ्यावेत. इतरांनी उद्या पहाटे चपला पायात सरकवाव्यात आणि सुरूच्या बनाकडे निघावे. जाताना शेजारच्या एकाकी माणसालाही हाक मारावी. त्याला कदाचित समुद्राहूनही त्या हाकेचीच गरज असेल.