ओसरीवरचे तत्त्वज्ञान आणि आपण

ख्रिस्तपूर्व ३०० च्या सुमारास अथेन्समध्ये झेनो नावाचा विचारवंत बाजारपेठेलगतच्या एका ओसरीत शिकवू लागला. खांबांच्या अशा ओसरीला ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणतात. त्यावरून त्याच्या अनुयायांना ‘स्टोइक’ हे नाव पडले. मराठीत सांगायचे तर ही ओसरीवरची मंडळी. आपल्या मागच्या पिढ्यांचा ओसरीशी संबंध वेगळा होता. माझे वडील फुलंब्री तालुक्यात सालगडी होते. सालाचा हिशेब त्यांनी नेहमी मालकाच्या अंगणात उभे राहूनच ऐकला. तेव्हा ओसरीवरून आलेला विचार आपण पारखून घेतला पाहिजे. तो ग्रीक आहे म्हणून परका मानण्याचे मात्र कारण नाही. १९५० साली औरंगाबादला बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयाने मिलिंद या ग्रीक राजाचेच नाव धारण केले आहे. नागसेनाला प्रश्न विचारणारा हा राजा. प्रश्न विचारून मगच स्वीकारायचे, ही त्या नावाची शिकवण आहे.

या परंपरेतला आपल्याला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे एपिक्टेटस. इ. स. ५० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे तो जन्मला. तो गुलाम होता. त्याच्या नावाचा अर्थच ‘मिळवलेला’. जणू माणूस नव्हे, वस्तू. पायाने लंगडा असलेला हा गुलाम रोममध्ये तत्त्वज्ञान शिकला, पुढे मुक्त झाला, शिक्षक झाला. डोमिशियन बादशहाने तत्त्वज्ञांना हद्दपार केले तेव्हा त्याने ग्रीसमध्ये निकोपोलिसला शाळा काढली. त्याची व्याख्याने एरियन या शिष्याने टिपून ठेवली आणि त्यांतूनच हाताशी ठेवण्याजोगी एक छोटी पुस्तिका तयार झाली. तिचा पहिलाच विचार असा की काही गोष्टी आपल्या अधीन असतात, काही नसतात. आपले मत, आपली इच्छा, आपला प्रयत्न हे आपले. शरीर, मालमत्ता, लौकिक, अधिकारपद हे आपले नव्हे. जे आपले नाही त्याच्यामागे मन धावू लागले की माणूस दुसऱ्याचा गुलाम होतो.

हे वाचताना आपले कान टवकारतात. ‘जे तुझ्या हातात नाही ते मुकाट्याने सोस’ हे आपण हजारो वर्षे ऐकत आलो. त्याला कोणी प्रारब्ध म्हटले, कोणी पूर्वजन्मीचे संचित. स्टोइकही विश्वाची योजना आणि नियती मानत. तो भाग आपण घेण्याचे कारण नाही. पण हातात काय आहे आणि काय नाही, हा प्रश्न सोडून चालणार नाही. खरा वाद रेघ कोठे ओढायची आणि ती कोणी ओढायची, याचा आहे.

ती रेघ आपल्याकडे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात ओढली गेली. हिंदू म्हणून जन्माला येणे माझ्या हातात नव्हते, पण हिंदू म्हणून न मरणे माझ्या हातात आहे, अशा आशयाची घोषणा बाबासाहेबांनी तेथे केली. एपिक्टेटसचीच वाटणी ही. पण तिचा शेवट सोसण्यात झाला नाही. एकवीस वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात लाखो लोकांनी मिळून ती पूर्ण केली.

त्याआधी महाडने दुसरा धडा दिला होता. चवदार तळ्याचे पाणी पिणे एकट्यादुकट्याच्या हातात नव्हते. २० मार्च १९२७ रोजी हजारोंच्या हातात ते आले. डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा तळ्यावर जाणे तहकूब झाले आणि लढा न्यायालयात चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आपल्या बाजूने लागला. ही दहा वर्षे सोसण्याची नव्हती, चिकाटीची होती.

म्हणून एपिक्टेटसच्या दोन रकान्यांत मी तिसरा घालतो. माझ्या एकट्याच्या हातात काय, आपल्या सर्वांच्या मिळून हातात काय, आणि कोणाच्याच हातात काय नाही? वर्गात मी विद्यार्थ्यांना हे कागदावर मांडायला लावतो. शिष्यवृत्ती रखडली. अर्ज पुरा करणे, त्याची तारखेसह पोच घेणे, अभ्यास न सोडणे हे एकट्याचे. रखडलेल्या सर्वांची यादी करून सह्यांचे निवेदन घेऊन कार्यालयात जाणे हे सर्वांचे. पाऊस वेळेवर न आल्याने घरी कापूस वेचणीची मजुरी बुडाली, हे कोणाच्याच हातातले नाही. त्यासाठी स्वतःला किंवा बापाला दोष देत रात्र जाळायची नाही. मी स्वतः सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो. उन्हाळी सुटीत मानधन नसते. निवड समिती काय ठरवील ते माझ्या हातात नाही. उद्याचा तास तयार करणे माझ्या हातात आहे. आणि तासिका पद्धतीविरुद्ध इतर प्राध्यापकांबरोबर मोर्चात उतरणे आमच्या हातात आहे. पहिला रकाना भरला म्हणून दुसरा कोरा सोडता येत नाही.

अपमानाचे काय? एपिक्टेटस म्हणतो, शिवी देणारा आपल्याला दुखवत नाही. ती शिवी खरी मानणारे आपले मत दुखवते. हे अर्धे खरे आहे. जातीवरून हिणवणाऱ्याचे आपल्याबद्दलचे मत आपण मनात शिरू द्यायचे नाही, ही विद्या जरूर शिकावी. परंतु ती शिवी हे केवळ मत नाही, १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही ठरू शकतो. मन शांत ठेवायचे ते फिर्याद नीट लिहिता यावी म्हणून: तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द, साक्षीदार. संतापाने थरथरणाऱ्या हाताकडून हे तपशील सुटतात, आणि सुटलेल्या तपशिलाचा फायदा आरोपीला मिळतो.

स्टोइकांची आणखी एक सवय उपयोगाची आहे. दिवस संपल्यावर सेनेका स्वतःची झडती घेई. आज कोठे चुकलो, काय सुधारले? कार्यकर्त्याने झोपण्यापूर्वी पाच मिनिटे हे करावे. सभेत आपण प्रश्नासाठी बोललो की टाळ्यांसाठी, हे त्याला कळेल. टाळ्या आपल्या हातातल्या नव्हेत.

या तत्त्वज्ञानाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. मार्कस ऑरेलियस हा रोमचा बादशहा (इ. स. १६१ ते १८०) या गुलाम गुरूचा विचार वाचून घडला, आणि तरी त्याच्या साम्राज्यात गुलामांचा बाजार चालूच राहिला. सेनेकाने गुलामांना माणसासारखे वागवा असे लिहिले. गुलामगिरीच मोडा, अशी चळवळ मात्र स्टोइकांनी उभी केली नाही. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. फरक येथेच आहे. बेडीतही मन मोकळे ठेवण्याची रीत एपिक्टेटसकडून घ्यावी. पण मन मोकळे झाल्यावर हात बेडीकडे वळले पाहिजेत, आणि ते एकट्याचे असून भागणार नाही.